संप्रेरकांच्या रक्ततपासण्या : अहवाल वाचण्यापूर्वी

गरजू रुग्णांच्या ज्या तपासण्यांचा खर्च आमच्या साहाय्यता निधीतून केला जातो, त्यांत स्त्रियांच्या संप्रेरक तपासण्याही आहेत. त्या कशासाठी, आणि एखाद्या मुलीला पुन्हा रक्त का द्यावे लागते, अशी पृच्छा देणगीदारांकडून होते. आम्ही वाणिज्य शाखेचे. आकड्यांशी आमचा परिचय ताळेबंदापुरता. तथापि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते येथे सादर करीत आहोत.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजेच ‘पीसीओएस’चे वर्णन शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली केले. ‘सिस्ट’ या शब्दाने कुटुंबे घाबरतात. प्रत्यक्षात त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांडांच्या सूक्ष्म पिशव्या असतात. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील चित्र या तिहींपैकी दोन गोष्टी आढळल्या व तत्सम अन्य आजार नसले, तर निदान होते. केवळ रक्ताच्या अहवालावरून ते होत नाही.

आधिक्य मोजण्यासाठी टेस्टोस्टेरॉन तपासतात. येथे बँकेचा दाखला उपयोगी पडावा. एकूण टेस्टोस्टेरॉन ही खात्यातील जमा रक्कम. परंतु तिचा मोठा भाग ‘एसएचबीजी’ नामक प्रथिनाशी, मुदत ठेवीप्रमाणे, बांधलेला असतो. मुरुमे व चेहऱ्यावरील केस यांना कारण होतो तो उरलेला मोकळा अंश. रक्तात इन्शुलिन वाढले की यकृत हे प्रथिन कमी निर्माण करते. मग एकूण आकडा मर्यादेत असूनही मोकळा अंश वाढतो. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र वाचाव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी हेच प्रथिन वाढते व अहवाल फसवा येतो. अशा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे; मात्र त्या परस्पर बंद करू नयेत.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन व १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या तपासण्या पाळी बिघडवणारे अन्य आजार वगळण्यासाठी असतात. प्रोलॅक्टिन तर सुईच्या भीतीनेही वाढू शकते! पीसीओएस आढळल्यास ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन साखर तपासणे, आमच्या मते, सर्वांत मोलाचे. कारण पुढे मधुमेहाचा धोका राहतो.

एका मातेची भेट आम्हांस विसरता येत नाही. मुलीचा विवाह ठरत आला होता आणि बाहेरून केलेल्या तपासणीच्या कागदावर ‘एलएच’चा आकडा लाल शाईत छापलेला. “सासरी हे सांगू की लपवू?” एवढाच त्या माउलीचा प्रश्न होता. मुलीची पाळी नियमित होती, आणि रक्त घेतले होते पाळीच्या चौदाव्या दिवशी. बीजांड सुटण्यापूर्वी एलएच निसर्गतःच उसळतो. आमच्या डॉक्टरांनी पुढील पाळीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतले. आकडा मर्यादेत आला. वस्तुतः पीसीओएसच्या निदानासाठी आता एलएचची आवश्यकता मानली जात नाही.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत अशा प्रत्येक नमुन्यावर पाळीचा दिवस आणि चालू असलेली औषधे यांची नोंद केली जाते. रुग्णांनी येताना शेवटच्या पाळीची तारीख लिहून आणावी, ही विनंती.