जातं कुणाशी बोलायचं?

मोबाईलवर एखादं गाणं आलं. तुम्ही ते मैत्रिणीला पाठवलं, तिनं मामेभावाला पाठवलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली तेच गुणगुणायला लागली. कोण कुणाला काय सांगतं, कसं सांगतं, याचा अभ्यास करणारं एक अख्खं शास्त्रच आहे बरं का! हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1948 साली त्यासाठी पाच प्रश्न मांडले. कोण बोलतंय? काय बोलतंय? कोणत्या माध्यमातून? कुणाशी? आणि त्याचा परिणाम काय होतो? जाहिरात असो, बातमी असो की सिनेमातलं गाणं, हे पाच प्रश्न सगळीकडे लागू पडतात.

आज आपण ते चक्क जात्याला विचारू.

त्यासाठी बीड जिल्ह्यातल्या चुलीपाशी जायला हवं. इथलं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि थापताना भाकरी चिरते. त्यामुळे महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवायची सोय नाही. गावात पिठाची गिरणी येण्याआधी बायकांना पहाटे अंधारात उठून जात्यावर बसावंच लागायचं. जात्याचा खालचा दगड पक्का बसवलेला, वरचा फिरणारा. वरच्या दगडाच्या तोंडात मुठीनं वैरण घालायची, म्हणजे मूठ मूठ दाणे सोडायचे, आणि लाकडी खुंटा धरून दगड गरगर फिरवायचा. दाणे दोन दगडांच्या मधे भरडले जातात आणि कडेनं पीठ झरायला लागतं. काम इतकं जड, की बऱ्याचदा दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या. ओढता ओढता गायच्या. त्याच जात्यावरच्या ओव्या.

ओवी लहानशी असते, दोन-तीन ओळींची. तिची लय हाताच्या फेऱ्याशी जुळलेली असते, त्यामुळे श्रम हलके होतात. पण मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते चौथ्या प्रश्नाचं. ही ओवी ऐकायची कुणी? घर झोपलेलं, जात्याची घरघर चालू. बाई गाते माहेराबद्दल, भावाबद्दल, सासरच्या जाचाबद्दल. दिवसाउजेडी जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते या घरघरीच्या आडोशानं बिनधास्त सांगता यायचं. ऐकणारी एक तर खुंट्याला हात लावून समोर बसलेली, नाहीतर खुद्द जातंच! कितीतरी ओव्यांत जात्यालाच देव म्हणून हाक मारलेली आहे. लासवेलच्या प्रश्नांना असं उत्तर क्वचितच मिळालं असेल.

हा खजिना ओळखला पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यातच स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी. दोघंही समाजशास्त्राचे अभ्यासक. डोंगराळ भागातल्या कष्टकरी बायकांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की या बायकांना आपलं मन मोकळं करायची हक्काची जागा आहे ती ओवी. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ओव्या उतरवून घेतल्या. किती? एक लाखाहून जास्त! हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकानं त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. नुसतं लिहून ठेवण्यावर काम थांबलं नाही. कोणती ओवी कोणत्या विषयाची, कोणत्या गावची, कुणी गायलेली, अशी पद्धतशीर वर्गवारी करून सगळं संगणकात भरलं.

या कामात 1996 साली ही मंडळी बीड जिल्ह्यात, सिंदफणा नदीकाठच्या माजलगावला आली. तिथल्या भीमनगर वस्तीत बायकांनी ओव्या गायल्या त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या. यात विचार करण्यासारखं खूप आहे. बाबासाहेबांनी स्वतः वृत्तपत्रं काढली होती. 1920 साली ‘मूकनायक’, 1927 साली ‘बहिष्कृत भारत’. पण वृत्तपत्र वाचायला अक्षरओळख लागते, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. त्यांच्यापर्यंत हे विचार पोचले ते कानांनी: सभांमधून, शाहिरांच्या जलशांमधून, कुणी मोठ्यानं वाचून दाखवलेल्या मजकुरातून. ऐकलेलं त्यांनी तसंच ठेवलं नाही. त्याची ओवी केली, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या चालीत. म्हणजे त्या नुसत्या श्रोत्या नव्हत्या, पुढे सांगणाऱ्याही होत्या. माझ्या मते तर पहाटे जात्यावर बसलेल्या या बायका कुठल्याही संपादकाच्या तोडीच्या होत्या.

पुढे गावोगाव गिरण्या आल्या. बायकांचे दमलेले खांदे सुटले, हे फारच चांगलं झालं. पण जातं थांबलं तशी नवी ओवी रचायची वेळ आणि जागा, दोन्ही गेली. माध्यम बंद पडलं की त्याच्याबरोबर काय काय गप्प होतं, हे इथं स्पष्ट दिसतं. जमवलेल्या ओव्या मात्र वाचल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’, या संकेतस्थळावर 2017 पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. माजलगावच्या बायकांचे आवाजही तिथं ऐकायला मिळतात.

आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या आजीला किंवा पणजीला ओव्या येतात का, ते विचारा. आधी तिला नुसतं बसून म्हणायला सांगा, मग हात जात्याच्या खुंट्यावर ठेवून. जातं नसेल तर हवेतच हात फिरवून. कोणत्या वेळी जास्त ओव्या आठवतात, ते बघा. तिची परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज टिपून ठेवा, आणि सोबत वहीत तिचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.