यवतमाळचा पादचारी

8 ऑक्टोबर 2022 रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी प्रवासी बस नाशिकमध्ये मालमोटारीवर आदळून पेटली आणि 12 जीव जळून गेले, तेव्हा सबंध महाराष्ट्र हळहळला, चौकशी जाहीर झाली, मृतांच्या नातलगांना मदत मिळाली, आणि ते सर्व यथोचितच होते. परंतु ज्या जिल्ह्यातून ती बस निघाली, त्याच जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या महामार्गावर किंवा वणीच्या कोळसा-वाहतुकीच्या रस्त्यावर जो इसम पायी चालताना एकटाच मरतो, त्याच्या वाट्याला वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळी येतात. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार’ हा मथळा आपल्या डोळ्यांना इतका सरावाचा झाला आहे की, त्याखालचा मजकूर वाचण्याची गरजही आपल्याला भासत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी 32,825 पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक, आणि दररोज सरासरी नव्वद. एका ठिकाणी, एका वेळी मेली असती तर ज्या नव्वद माणसांसाठी राष्ट्राने शोक केला असता, ती विखरून मरतात म्हणून कोणाच्याच हिशेबात येत नाहीत, ही मला या विषयातील सर्वांत क्लेशकारक गोष्ट वाटते.

यवतमाळ जिल्ह्याची परिस्थिती या बाबतीत विशेष बिकट आहे. मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला खरा, तथापि जिल्ह्याचा बहुतेक सारा व्यवहार आजही रस्त्यावरच चालतो. एसटी, ऑटो आणि काळीपिवळी यांतून उतरलेला प्रत्येक प्रवासी अखेर पादचारीच असतो, हे रस्ते आखणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग आणि कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव या गावांना सांधत नांदेडकडे जाणारा 361 क्रमांकाचा महामार्ग हे दोन्ही रुंद झाले, गुळगुळीत झाले, वाहनांचा वेग वाढला. पण रस्त्याच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला शेत असलेल्या मजूर स्त्रीला सकाळ-संध्याकाळ हाच रस्ता ओलांडावा लागतो, आणि कापूसवेचणीच्या दिवसांत तर तिची परतण्याची वेळ नेमकी तिन्हीसांजेची असते. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात 22 मीटर अंतर कापते; गडद लुगड्यातली, डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई चालकाला दिव्याच्या झोतात दिसेपर्यंत त्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

शहरातील चित्र निराळे, पण आश्वासक नाही. खेड्यातून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आलेली एखादी म्हातारी पाहावी. एका हातात केसपेपर आणि औषधांची पिशवी, दुसऱ्या हाताला नातू. फुटपाथवर दुकानाचे सामान मांडलेले, त्याच्या कडेला हातठेले, ठेल्यांपुढे तिरप्या लावलेल्या दुचाक्या. म्हणून ती डांबरी रस्त्यावरूनच चालते. झेब्रा पट्टे कधीकाळी रंगवलेले असतात, त्यांच्या फिकट खुणांवर उभी राहून ती वाट पाहते, आणि कोणी थांबत नाही असे दिसल्यावर नातवाला ओढत दुभाजकापर्यंत धाव घेते. तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीच्या कठड्याशी, अर्ध्या रस्त्यात, दोन्ही बाजूंनी वाहने वाहत असताना ती पुन्हा उभी राहते. ‘पादचाऱ्याने वाटेल तेथून रस्ता ओलांडला’ असा शेरा मारणे अशा वेळी सोपे असते. पण तिने नेमके कोठून ओलांडायला हवे होते, याचे उत्तर शेरा मारणाऱ्याने प्रथम दिले पाहिजे.

वेगाचे गणित साधे आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर, तो एक सेकंद धरून, सुमारे 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 वेगाच्या मोटारीला मात्र सुमारे 28 मीटर लागतात. याचा अर्थ असा की, 13 मीटरवर अकस्मात समोर आलेले मूल पहिल्या चालकाच्या हातून वाचते, आणि दुसऱ्याचा ब्रेक लागण्यापूर्वीच त्याची मोटार पूर्ण वेगाने त्या मुलावर जाते. पादचारी आणि वाहने वारंवार एकत्र येतात अशा भागांत ताशी 30 ची मर्यादा असावी, हा 2020 सालच्या स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेचा आग्रह या हिशेबावरच उभा आहे.

कायद्याची उणीव म्हणावी तर तीही नाही. झेब्रा पट्ट्यांपाशी पादचाऱ्याला आधी जाऊ देणे 2017 च्या वाहनचालन नियमांनी चालकावर बंधनकारक केले आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 198अ नुसार रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथावरून चालणे हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि त्यामागे इच्छेची. यवतमाळ शहराने मनात आणले तर ते पादचाऱ्याला जागा देऊ शकते, याचा पुरावा दरवर्षी नवरात्रात मिळतो: यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला दूरदूरची माणसे लोटतात, वाहतुकीचे मार्ग बदलले जातात, पोलिसांचा चोख बंदोबस्त लागतो, आणि एरवी जीव मुठीत धरून चालावे लागणाऱ्या रस्त्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे रात्री उशिरापर्यंत हिंडतात. नऊ रात्री जे जमते, त्यातले थोडे तरी वर्षभर दत्त चौकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी का जमू नये, हा प्रश्न नगरपरिषदेला नागरिकांनी विचारलाच पाहिजे.

पायी चालणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुटपाथ नसलेल्या रस्त्याने जाताना डावीकडून चालण्याची सवय मोडून उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे; पाठीमागून येणारा मृत्यू दिसत नाही.

आणि शेवटी त्या अज्ञात वाहनाविषयी. वाहन सापडले नाही म्हणजे भरपाई बुडाली, अशी समजूत खेड्यापाड्यांत अजून घट्ट आहे, आणि तिच्यामुळे कित्येक घरे पोलिसांचा पंचनामा झाल्यावर गप्प बसतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या योजनेनुसार धडक देऊन पळालेल्या वाहनामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये आणि गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात; त्यासाठी अपघात ज्या भागात झाला तेथील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा लागतो. आपल्या गावात, आपल्या आळीत असे एखादे घर असेल, तर ज्याला लिहिता येते त्याने तो अर्ज त्यांच्यासाठी लिहून द्यावा आणि त्यांच्याबरोबर तहसील कचेरीपर्यंत जावे.