संगणक : तयार घ्यावा की जुळवावा?

‘विंडोज-१०’ या प्रणालीला नियमितपणे विनामूल्य मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि आठ-दहा वर्षे इमानाने राबलेले असंख्य घरगुती संगणक एका दिवसात निवृत्तीच्या वयाला पोहोचले. नव्या प्रणालीच्या अटी त्यांतील अनेकांना पुऱ्या करता येत नाहीत. परिणामी नोकरदारांच्या घरांत एक जुना वाद नव्याने रंगू लागला आहे. वडील म्हणतात, नामांकित कंपनीचा तयार संगणक आणावा. अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणतो, सुटे भाग आणून घरीच जुळवावा, पैसे वाचतील. दोघांचाही आग्रह प्रामाणिक असतो. परंतु दोघेही केवळ किमतीकडे पाहतात आणि घोटाळा होतो तो तेथेच.

वास्तविक असा पर्याय असावा हेच नवल आहे. शीतकपाट कोणी घरी जुळवीत नाही. संगणकाच्या बाबतीत हे शक्य झाले याचे मूळ १९८१ मध्ये सापडते. त्या वर्षी आयबीएम या अमेरिकी कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणताना वेळ वाचविण्यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे भाग वापरले आणि रचनेचा तपशीलही प्रसिद्ध केला. साहजिकच इतरांना तसेच यंत्र बनविता येऊ लागले व सुट्या भागांची जागतिक बाजारपेठ उभी राहिली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस या तिच्याच भारतीय पेठा. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गाच्या घरात संगणक शिरला तो बऱ्याच अंशी अशा पेठांच्या वाटेने. कारण कंपन्यांचा माल तेव्हा आवाक्याबाहेर होता. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले आणि किमतींतील तफावतही आक्रसत गेली.

मग जी तफावत उरली ती कशाची? बाजारात सर्व काही विकत मिळत असताना कंपन्या मुळात निर्माण का होतात, असा प्रश्न रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये विचारला होता. बाजाराचा वापर फुकट होत नाही, हे त्याचे उत्तर. भाव काढणे, माल पारखणे, व्यवहार ठरविणे यांनाही खर्च येतो. संगणक जुळविणारा विद्यार्थी हा खर्च स्वतःच्या अंगावर घेतो. प्रोसेसर मदरबोर्डच्या खाचेत बसेल का, मेमरी त्याच जातीची आहे का, वीजपुरवठ्याचा संच पुरेशा वॅटचा आहे का, हे सारे त्यालाच तपासावे लागते. एवढे करून पडदा काळाच राहिला तर दोष कोणाचा? मेमरीवाला मदरबोर्डकडे बोट दाखवितो, मदरबोर्डवाला वीजसंचाकडे. तयार संगणकाच्या बाबतीत तक्रारीचा पत्ता एकच असतो. म्हणजे जादा मोजलेली रक्कम ही सर्वस्वी नफेखोरी नव्हे. ती बहुतांशी विम्याच्या हप्त्यासारखी आहे.

परंतु या विम्यालाही मर्यादा आहेत. जाहिरातीत प्रोसेसरचे नाव ठळक असते; वीजसंच कोणाचा, मदरबोर्ड कोणता, हे क्वचितच सांगितले जाते आणि काटकसर नेमकी तेथे होते. विक्रेत्याला ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसते, आणि अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे जॉर्ज अकरलॉफ याने १९७० मध्ये दाखवून दिले होते. काही कंपन्या वेगळ्याच आकाराचे भाग बसवितात, त्यामुळे पुढे दुरुस्तीसाठी त्यांच्याच दारात जावे लागते. हमीही अनेकदा एकाच वर्षाची असते. याउलट खोकाबंद मिळणाऱ्या प्रोसेसरला सामान्यतः तीन वर्षांची हमी मिळते आणि जुळविलेले यंत्र एकेक भाग बदलून वर्षानुवर्षे चालविता येते.

शिवाय बाजाराची स्थिती सदैव सारखी नसते. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा पडला. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरीचे भाव कडाडले. टंचाईत मोठ्या कंपन्यांना आगाऊ करारांचा आधार असतो. किरकोळ ग्राहकाला तो नसतो. अशा वेळी तयार यंत्रच स्वस्त पडू शकते. तेव्हा ‘जुळविलेला स्वस्त’ हे सूत्र त्रिकालाबाधित नाही. पत्रव्यवहार व हिशेब एवढ्यापुरत्या साध्या यंत्रात, प्रणालीच्या परवान्याची किंमत धरता, जुळवणीने फारसे काही वाचत नाही. आराखडे, चित्रफितींचे संपादन अशा जड कामांसाठी मात्र हवा तो भाग निवडण्याचे स्वातंत्र्य मोलाचे ठरते.

पुष्कळजण तिसरा मार्ग धरतात : ओळखीच्या दुकानदाराकडून जुळवून घेणे. हा मार्ग वाईट नाही. पण येथे ‘बिल नको असेल तर कमी लावतो’ हे वाक्य हमखास कानी पडते. वाचलेल्या करासोबत हमीही जाते, हे ग्राहकाच्या लक्षात येते ते यंत्र बंद पडल्यावर. प्रत्येक भागाचे नाव व क्रमांक लिहिलेले पक्के बिल घेणे, हीच येथे खरी बचत. किंबहुना अशी यादी तयार संगणकासोबतही देणे कायद्याने बंधनकारक व्हावयास हवे; औषधाच्या वेष्टनावर घटक छापता येतात, तर संगणकाच्या खोक्यावर का नाहीत?

राहिला प्रश्न वडील आणि मुलाचा. जुळवणीत जाणारे चार दिवस वडिलांच्या दृष्टीने निव्वळ खर्च आहेत. मुलाच्या दृष्टीने ते शिक्षण आहे. तेच तास एकाच्या खात्यात नावे पडतात, तर दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. ज्या घरी उद्या सकाळी यंत्र चालू असणे निकडीचे आहे आणि बिघाड शोधणारे कोणी नाही, तेथे तयार संगणकच योग्य. ज्या घरी एखादा भाग जळाल्यास त्याचा फटका सोसण्याची ऐपत आणि शिकण्याची हौस दोन्ही आहेत, तेथे मुलाच्या हाती स्क्रूड्रायव्हर द्यावा. मात्र वाचणारे पैसे ही त्या जोखमीचीच मजुरी आहे, हे दोघांनीही आधी समजून घ्यावे.