बंद हंगामाचे दप्तर

प्रत्यक्ष सामन्यांपेक्षा दोन हंगामांच्या दरम्यान खेळाडूंची जी देवघेव चालते, तिच्याविषयी ज्या वावड्या उठतात, आणि अखेरीस राखलेल्या व सोडलेल्या नावांच्या ज्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांचे मला कित्येक वर्षांपासून, चारचौघांत सांगायला संकोच वाटावा इतके, आकर्षण आहे. साखर कारखान्यांच्या टापूतील माणसाला या व्यसनाचे नवल वाटू नये. गळीत संपून धुराडे थंड झाले की आमच्याकडे कारखान्यांचे खरे राजकारण तापू लागते. कोणत्या मुकादमाने कोणाची उचल घेतली, कोणती टोळी यंदा कोणाच्या गटात उतरणार, कोणी दोघांकडूनही पैसे घेऊन ठेवले आहेत, याची चर्चा पारावर सुरू होते, आणि बहुधा त्या चर्चेतील निम्मे खोटे व निम्मे खरे असून नेमके कोणते निम्मे खरे हे दसऱ्यापर्यंत कोणालाही कळत नाही. आयपीएलचा बंद हंगाम याच जातीचा आहे. फरक इतकाच की येथे उचल कोटींत असते आणि ती कोणाला मिळाली हे वर्तमानपत्रांत छापून येते.

नगर जिल्ह्याने, म्हणजे आता सरकारी कागदांत अहिल्यानगर म्हणून नोंदल्या जाणाऱ्या जिल्ह्याने, भारतीय क्रिकेटला दोन ठळक नावे दिली: श्रीरामपूरचा झहीर खान (जन्म ७ ऑक्टोबर १९७८) आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला अजिंक्य रहाणे (जन्म ६ जून १९८८). दोघेही प्रवरेच्या पाण्यावर पोसलेल्या मुलखातले, दोघांनाही खेळासाठी मुंबईचा आश्रय करावा लागला, हे वाचकांना ठाऊक आहेच. या दोघांचीही बंद हंगामात एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे अदलाबदल झालेली आहे, आणि ती दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली म्हणजे या साऱ्या व्यवहाराची जी मेख आहे ती आपोआप हाती लागते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

झहीरच्या बाबतीत पहिली बदली आयपीएलच्या पुष्कळ आधीची. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळण्याची खात्री नव्हती, तेव्हा तो बडोद्याकडे रुजू झाला, आणि २०००-०१ साली बडोद्याने रणजी करंडक जिंकला तेव्हा त्याचा डावखुरा मारा त्या विजयाचा आधार होता. २००८ च्या पहिल्या लिलावात बंगळूरुने त्याला साडेचार लाख डॉलरांस घेतले. मुंबईने रॉबिन उथप्पासाठी आठ लाख डॉलर मोजले. दुसऱ्या हंगामापूर्वी बदल्यांची मुदत जाहीर झाली, आणि या दोघांची जागच्या जागी अदलाबदल झाली. वर्तमानपत्रांनी त्याला घरवापसीचे गोड रूप दिले: कर्नाटकाचा फलंदाज कर्नाटकात, तोवर मुंबईकडून रणजी खेळू लागलेला गोलंदाज मुंबईत. उथप्पाने मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी जाहीरपणे सांगितले की ही बदली त्याच्या मनाविरुद्ध झाली आणि तिने त्याला खोलवर दुखावले. झहीरने या बाबतीत काही तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही. पण एकाच करारनाम्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांना तो करार किती भिन्न भासू शकतो, याचा हा पहिला पुरावा. त्या २००९ सालच्या हंगामात झहीरला देऊन मोकळी झालेली बंगळूरु अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली, आणि त्याला घेणारी मुंबई तळाकडे राहिली, हे केवळ जाता जाता.

मेख आहे ती संमतीच्या ठिकाणी. नियम सांगतो की देणारा संघ, घेणारा संघ आणि खेळाडू या तिघांची मान्यता झाल्यावर, आणि नियामक मंडळाचा शेरा पडल्यावरच बदली पक्की होते. कागदावर हे तिन्ही पक्ष समसमान. परंतु खेळाडूने आपण होऊन नवा धनी शोधू म्हटले तर काय होते, ते रवींद्र जडेजाच्या प्रकरणात दिसले. राजस्थानकडून सुटका झालेली नसताना त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, म्हणून २०१० चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसवण्यात आले. संघाने खेळाडूविषयी बोलणी करावी, खेळाडूने स्वतःविषयी करू नये, असा हा जाबता आहे. आमच्याच जिल्ह्यात १६२४ साली भातवडीची लढाई गाजवणारे शहाजीराजे लवकरच निजामशाही सोडून विजापूरकरांकडे गेले, तेव्हा ते आपले पथक घेऊन आणि आपल्या मर्जीने गेले होते; त्या काळच्या सरदाराला जी मुभा होती ती आजच्या कोट्यधीश खेळाडूला नाही, हे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार नाही. अन्यत्रही स्थिती बरी नव्हती. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की याला ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनच्या मालकाने लॉस एंजल्सला देऊन टाकले, तेव्हा कॅनडाच्या संसदेच्या एका सदस्याने सरकारने हस्तक्षेप करून हा सौदा रोखावा अशी मागणी केली होती. सौदा अर्थातच रोखला गेला नाही.

आता रहाणेकडे येतो, कारण माझ्या संग्रहातील सर्वांत मनोरंजक कागद त्याच्याच प्रकरणाशी निगडित आहेत.

२०१९ च्या हंगामात रहाणे राजस्थानचा कर्णधार होता. संघ हरत होता. २० एप्रिल रोजी, हंगाम ऐन भरात असताना, नेतृत्व त्याच्याकडून काढून स्टीव्ह स्मिथकडे सोपवण्यात आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २२ एप्रिलला, जयपूरच्या मैदानावर या बरतर्फ कर्णधाराने ६३ चेंडूंत नाबाद १०५ धावा काढल्या. आणि ऋषभ पंतच्या नाबाद ७८ धावांमुळे तो सामनाही राजस्थान हरले. प्रतिपक्ष होता दिल्ली. नोव्हेंबरात बदल्यांची मुदत संपता संपता बातमी आली की रहाणे दिल्लीस जाणार. जो संघ त्याच्या शतकावर मात करून गेला त्याच संघाने त्याला मागून घ्यावे, यात काव्य शोधणारे शोधोत. मला त्यात हिशेब दिसतो. दिल्लीच्या संघव्यवस्थेत त्या वेळी प्रवीण आमरे होते, ज्यांच्या तालमीत रहाणे घडला, आणि आघाडीला एक अनुभवी, शांत डोक्याचा फलंदाज हवा अशी त्या तरुण संघाची गरज होती.

मोबदल्यात राजस्थानला दोन तरुण मिळाले: राहुल तेवतिया आणि मयंक मार्कंडे. तेवतियाचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजात, २२४ धावांचा पाठलाग चालू असताना, पहिल्या १९ चेंडूंत अवघ्या ८ धावा करून त्याने राजस्थानच्या चाहत्यांचे शिव्याशाप गोळा केले, आणि मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार खेचून सामना फिरवला. रहाणेच्या बदल्यात काय मिळाले असे विचारणाऱ्यांना ते एक षटक दाखवले जाऊ लागले. रहाणेकडेही दाखवण्यासारखे काही होते. त्या वर्षी त्याला मोजकेच सामने मिळाले. पण साखळीतील शेवटच्या लढतीत बंगळूरुविरुद्ध त्याने ६० धावा काढून दिल्लीला वरच्या दोन स्थानांत नेले, आणि दिल्ली प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचली. तेथे १० नोव्हेंबरला मुंबईच्या ट्रेंट बोल्टने पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिसला आणि नंतर लवकरच रहाणेला २ धावांवर परत पाठवले. हा बोल्ट आदल्या नोव्हेंबरपर्यंत दिल्लीचाच होता. ज्या बंद हंगामात दिल्लीने रहाणेला मिळवले त्याच बंद हंगामात तिने बोल्टला मुंबईस देऊन टाकले होते. एका हाताने घेतलेल्याला दुसऱ्या हाताने दिलेल्याने बाद केले.

परंतु या प्रकरणातील माझा खरा नायक तिसराच आहे. मयंक मार्कंडे हा पंजाबचा लेगस्पिनर. वीस लाखांच्या मूळ बोलीवर मुंबईकडे आलेल्या या पोराने ७ एप्रिल २०१८ रोजी पहिल्याच सामन्यात चेन्नईचे तीन बळी घेतले आणि त्यात खुद्द धोनीचा समावेश होता. त्या हंगामात त्याच्या नावावर १५ बळी लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो भारताकडूनही एक टी-ट्वेंटी खेळला. पुढल्याच आयपीएलमध्ये राहुल चहरने त्याची जागा घेतली. २०१९ च्या पावसाळ्यात मुंबईने त्याला दिल्लीस दिले आणि मोबदल्यात वेस्ट इंडीजचा शर्फेन रदरफर्ड घेतला. दिल्लीने त्याचे स्वागत केले, आणि एकही सामना खेळवण्याआधी, चार महिन्यांच्या आत, रहाणेसाठी त्याला राजस्थानच्या हवाली केले. एका बंद हंगामात तीन संघांच्या यादीत नाव आणि चेंडू एकही नाही! या माणसाला दिल्लीचा गणवेश तरी शिवून मिळाला होता की नाही, असा प्रश्न मला अनेकदा पडतो. राजस्थानातही त्याच्या वाट्याला फारसे सामने आले नाहीत. पुढे लिलावातून तो पुन्हा मुंबईत, मग हैदराबादेत आणि २०२५ साली तीस लाखांस कोलकात्यात गेला. त्या कोलकात्याचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे. जे दोघे सहा वर्षांपूर्वी तराजूच्या दोन पारड्यांत होते ते एकाच यादीत आले.

आणि आता तो कागद. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी आयपीएलने बदल्यांचे प्रसिद्धिपत्रक काढले. वर्तमानपत्रांनी त्यातील एकच बाब उचलली: संजू सॅमसन १८ कोटींच्या मुशाहिऱ्यावर चेन्नईस, आणि जडेजा व सॅम करन राजस्थानला. पंधरा वर्षांपूर्वी राजस्थानकडून सुटण्यासाठी परस्पर बोलणी केल्याबद्दल शिक्षा भोगलेला जडेजा आता रीतसर, सर्वांच्या मान्यतेने, त्याच राजस्थानला परत. आणि त्याचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आणल्याची नोंद त्याच पत्रकात. ही बातमी मोठी होतीच. पण खालच्या ओळी वाचण्याचे कष्ट घेणाऱ्याला आढळले असते की मयंक मार्कंडे कोलकात्याहून मुंबईस, तीस लाखांत. आणि त्याच दिवसांत मुंबईने गुजरातकडून २.६ कोटींना जो फलंदाज मिळवला त्याचे नाव शर्फेन रदरफर्ड. २०१९ साली ज्या दोघांची एकमेकांशी अदलाबदल झाली होती ते दोघेही, सहा वर्षे देशभर फिरून, बदलीच्याच मार्गाने, एकाच बंद हंगामात, एकाच मुंबईच्या दारात उभे राहिले. मुंबईने मुळात केलेला सौदा अशा रीतीने दोन्ही बाजूंनी परत घेतला, असे म्हणावे तर त्यात मुंबईचा काही दूरदर्शी बेत होता असे नाही. एकीला लेगस्पिनर हवा होता, दुसरीला तो नको होता, इतकेच. याद्या वाचणाऱ्याला नियती दिसते, याद्या करणाऱ्याला केवळ रिकामी जागा दिसते.

त्याच पत्रकाच्या काठावर झहीरही आहे. मुंबईने त्या दिवसांत लखनौकडून शार्दूल ठाकूरला २ कोटींना घेतले. पालघरचा हा शार्दूल आदल्या लिलावात कोणीच न घेतल्यामुळे घरी बसला होता. मोहसीन खान जायबंदी झाला तेव्हा लखनौने त्याला ऐन वेळी बोलावले, आणि त्या हंगामात लखनौचा मार्गदर्शक होता श्रीरामपूरचा झहीर. ज्याला एकेकाळी उथप्पाच्या बदल्यात धाडले गेले तोच, आधी मुंबईच्या संचालकपदावरून आणि मग लखनौत, मेजाच्या पलीकडे बसून कोणाला राखावे व कोणाला सोडावे याची खलबते करू लागला. त्या खुर्चीवरून बदली कशी दिसते हे त्याने कधी तरी लिहावे.

क्रिकेटबाहेर पाहिले तर आमच्या जिल्ह्याचे तिसरे नाव याच्या अगदी उलट आहे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार प्रो कबड्डीत पुणेरी पलटणकडे आला आणि पलटणने त्याला निदान २०२५ पर्यंत तरी सोडलेच नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या विजयातला इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलूई, ज्याला २.३५ कोटींना घेतले होते, त्याला मात्र पलटणने लगेच लिलावात जाऊ दिले. हरलेल्या हरियाणाने त्याला २.०७ कोटींना उचलले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस पुण्याच्या बालेवाडीत, म्हणजे पलटणच्या अंगणात, हरियाणा विजेते झाले. पलटणच्या हिशेबनिसांना त्या रात्री कशी झोप लागली असेल, ते तेच जाणोत.

पैशाच्या आकड्यांवरून खेळाडूची योग्यता ठरवणाऱ्यांनी रहाणेच्या नोंदी एकदा सलग वाचाव्यात. २०२२ ला कोलकात्याने एक कोटीला. २०२३ ला चेन्नईने पन्नास लाखांच्या मूळ बोलीवर. आता कसोटीवीर म्हणून त्याची सद्दी संपली असे सारे म्हणत असताना त्याने ८ एप्रिलला वानखेडेवर १९ चेंडूंत अर्धशतक ठोकले, हंगामभर शंभर चेंडूंस १७२ च्या गतीने धावा काढल्या, चेन्नई विजेती झाली आणि त्याला भारताच्या कसोटी संघातले स्थान परत मिळाले. मग जेद्दा येथील लिलावात, अखेरच्या टप्प्यात, कोलकात्याने त्याला दीड कोटीला घेतले आणि मार्च २०२५ मध्ये कर्णधार केले. त्याचा उपकर्णधार व्यंकटेश अय्यर याची किंमत २३.७५ कोटी होती. नोव्हेंबरच्या याद्या आल्या तेव्हा कोलकात्याने २३.७५ कोटींचा उपकर्णधार सोडला, दीड कोटीचा कर्णधार राखला. डिसेंबरच्या लिलावात व्यंकटेशला बंगळूरुने ७ कोटींना घेतले.