चक्रीची निवड आणि तिचे गतिरोधक

गळाच्या काठीला जोडलेली चक्री, जिला बाजारात ‘रील’ म्हणतात, ती मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात आमिष फेकताना दोरा गुंडाळलेले रीळ स्थिर राहते आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. दुसऱ्या प्रकारात रीळ स्वतःच फिरते व उडत जाणारे आमिष त्यावरील दोरा ओढून नेते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अशी दंतचक्रांची चक्री घडविली. मुठीच्या एका फेऱ्यात रिळाचे अनेक फेरे व्हावेत, ही तिच्यामागील योजना होती.

या चक्रीने नेम अचूक साधतो आणि जाड, बळकट दोरा सहज वापरता येतो. परंतु तिच्यात एक अंगभूत अडचण आहे. काठीच्या झटक्याने आमिष वेगाने सुटते आणि रीळही तितक्याच वेगाने फिरू लागते. पुढे हवेच्या विरोधामुळे आमिषाची गती मंदावते. रीळ मात्र जडत्वामुळे फिरतच राहते. आमिषाला हवा असतो त्याहून अधिक दोरा सुटतो आणि पाहता पाहता रिळावर पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. हा गुंता टाळणे हेच गतिरोधकाचे कार्य होय. गळाला लागलेला मासा दोरा ओढू लागला असता त्याला विरोध करणारी जी घर्षण-योजना मुठीजवळच्या तारकाकृती चाकाने कमीअधिक करता येते, ती निराळी. नवशिक्याने या दोहोंची गल्लत करू नये.

सर्वांत जुना गतिरोधक म्हणजे माणसाचा अंगठा. कोणतेही यंत्र त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकलेले नाही. त्याच्या जोडीला रिळाच्या आसाची टोके दाबणारा एक स्क्रू असतो. काठी आडवी धरून रीळ मोकळे केले असता आमिष सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच रीळ थांबावे, इतपत तो आवळणे ही प्राथमिक जुळणी समजावी. आमिष बदलले की ती पुन्हा करावी लागते.

दुसरा प्रकार केंद्रोत्सारी गतिरोधकाचा. स्वीडनमधील आबू कंपनीच्या अँबॅसेडर चक्र्यांमुळे १९५० च्या दशकानंतर तो सर्वत्र परिचित झाला. रिळाबरोबर फिरणारे लहान ठोकळे वेगामुळे बाहेर सरकतात आणि भोवतालच्या कड्यावर घासतात. वेग दुप्पट झाला की हे घर्षण सुमारे चौपट होते. म्हणून फेकीच्या आरंभी, जेव्हा रीळ सर्वाधिक वेगाने फिरत असते, तेव्हा हा रोध प्रबळ असतो. वेग उतरताच तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे आमिष दूर जाते, पण अखेरच्या टप्प्यात अंगठ्याने सावध राहावे लागते.

१९८० च्या दशकात चुंबकीय गतिरोधक प्रचारात आले. ॲल्युमिनियमला चुंबक आकर्षून घेत नाही. तथापि चुंबकाजवळ ते फिरू लागले की त्यात आवर्त विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते गतीला विरोध करतात. येथे काहीही घासत नाही, म्हणून झीजही होत नाही. हा रोध साधारणतः वेगाच्या प्रमाणात बदलतो. वेग दुप्पट तर रोध दुप्पट. त्यामुळे फेकीच्या मध्यावर व अखेरीसही तो काही प्रमाणात टिकून राहतो. बाहेरील तबकडी फिरवून तो कमीअधिक करता येत असल्याने समोरून वारा येत असता किंवा हात बसलेला नसता तो सोयीचा ठरतो. मात्र गरजेपेक्षा अधिक ठेवल्यास फेक आखूड पडते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानच्या शिमानो कंपनीने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची चक्री आणली. तिला लागणारी वीज रिळाच्या फिरण्यातूनच निर्माण होते. गुंता बराच टळतो, पण किंमत वाढते.

निवड करताना प्रथम आमिषाचे वजन विचारात घ्यावे. सात ग्रॅमहून हलक्या आमिषासाठी सामान्य फिरत्या रिळापेक्षा स्थिर रिळाची चक्रीच बरी. त्यानंतर दंतचक्रांचे गुणोत्तर पाहावे. ५ : १ च्या आसपासचे गुणोत्तर खोल पाण्यातील, जड ओढीच्या आमिषाला योग्य, ७ : १ चे गुणोत्तर सैल दोरा झटपट गुंडाळण्यास उपयुक्त. हिमालयातील वेगवान नद्यांत महसीर दोरा दूरवर ओढून नेतो. तेथे रिळावर मावणारा दोरा गतिरोधकाइतकाच महत्त्वाचा असतो. कोकणच्या खाड्यांत जिताड्यासाठी खाऱ्या पाण्याने न गंजणारी चक्री घ्यावी व वापरानंतर ती गोड्या पाण्याने धुवावी.

हा विचार केवळ हौशीचा नव्हे. गुंता झाला की दोरा तोडून पाण्यात टाकला जातो. नायलॉन तेथे वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पाणपक्षी, कासवे, ऊदमांजरे त्यात अडकतात. कावेरीतील मदारीचा महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. अशा नद्यांवर परवान्याचे नियम पाळणे आणि मासा त्वरित, सुखरूप सोडून देणे हे गळकऱ्याचे कर्तव्यच होय. जी चक्री आपल्या हाताला पूर्णपणे वश होते, तीच त्याच्यासाठी उत्तम. मग ती सर्वांत महाग नसली तरी चालेल.