'अँटिऑक्सिडंट' या शब्दाची मर्यादा

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या औषधालयांत रसायनकल्पांच्या अनेक वेष्टनांवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आढळतो. मांसक्षय होत चाललेल्या रुग्णाचे नातेवाईक याच शब्दावर भिस्त ठेवतात. म्हणून त्यामागील शास्त्र तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एएलएस या व्याधीत मेंदू व मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी क्रमाने नष्ट होतात. सुमारे दहा टक्के रुग्णांत तो कुलपरंपरेने येतो. सुश्रुताचार्यांनी अशा व्याधींना 'आदिबलप्रवृत्त' म्हटले आहे. १९९३ मध्ये अशा काही कुटुंबांत एसओडी-१ या जनुकातील दोष सापडला. सुपरऑक्साइड या घातक मुक्तमूलकाचा निचरा करणारे विकर हे जनुक घडविते. साहजिकच अनुमान निघाले की, विकर दुबळे झाल्याने ऑक्सिडेशनचा ताण वाढतो व पेशी मरते.

प्रयोगांनी हे अनुमान टिकू दिले नाही. १९९४ मध्ये सदोष मानवी जनुक घातलेल्या उंदरांचे अंग लुळे पडले. त्यांचे स्वतःचे विकर मात्र शाबूत होते. १९९६ मध्ये हे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांत तो व्याधी उद्भवला नाही. दोष विकराच्या अभावात नसून विकृत घडणीत आहे. नीट घडी न पडलेले प्रथिन तंतुकणिकांवर साचते, त्या फुगतात, ऊर्जानिर्मिती मंदावते आणि मुक्तमूलके अधिक सुटतात. ताण खरा आहे. पण तो साखळीतील मधला दुवा होय.

चिकित्सेचा अनुभवही हेच सांगतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. मुक्तमूलके शोषणाऱ्या एडॅराव्होनला जपानने २०१५ मध्ये व अमेरिकेने २०१७ मध्ये मान्यता दिली. लाभ दिसला तो निवडक, आरंभीच्या रुग्णांत आणि मर्यादित. उलट, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टोफरसेन एसओडी-१ प्रथिनाची निर्मितीच घटविते. निदानपरिवर्जनाचे तत्त्व जाणणाऱ्या वैद्यास यातील मर्म सहज उमगेल.

कुलवृत्तांताचे मोल तर मुंबईतच सिद्ध झाले आहे. डॉ. नोशिर वाडिया व स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांच्या अभ्यासातून, तोल जाणे व डोळ्यांची मंद हालचाल ही लक्षणे असलेला आनुवंशिक विकार वर्णिला. त्याच्याशी निगडित ठरलेल्या अ‍ॅटॅक्सिन-२ जनुकातील मध्यम लांबीच्या पुनरावृत्तींनी एएलएसचा धोका वाढतो, हे २०१० मध्ये दिसून आले.

तेव्हा वेदनेविना हातापायांचे स्नायू झिजत असतील, बोलणे जड होत असेल, तर केवळ वातव्याधी म्हणून स्नेहन-बस्तीत महिने दवडू नयेत. माता-पित्यांच्या कुळातील वृत्तांत विचारून रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. रिल्युझोल चालू असल्यास यकृताच्या तपासण्या पाहाव्यात आणि आपले कल्प त्या तज्ज्ञास कळवूनच द्यावेत. बल, अग्नी व निद्रा सांभाळणे, गिळण्याकडे लक्ष ठेवणे, हे कार्य आपले आहेच.

औषधालयांच्या चालकांनी एक ध्यानात ठेवावे : १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात चेतासंस्थेच्या विकारांचा समावेश असून, त्या कायद्यानुसार वेष्टनावरील मजकूर हीही जाहिरातच ठरते. असाध्य व्याधीत रुग्णास खरे सांगणे, हेच आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेचे रक्षण होय.