‘सध्या काय वाचताय?’ – हा प्रश्न आपण एकमेकांना का विचारला पाहिजे?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. लांबून आलेली माणसे भाकरी बांधून आणतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. आपल्या समाजाच्या या सवयीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. घरी नेलेल्या त्या पुस्तकांचे पुढे काय होते?

बऱ्याच घरांत ती बुद्धमूर्तीशेजारी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नीट रचून ठेवलेली असतात. जयंतीला त्यांच्यावरची धूळ झटकली जाते. काही पुस्तकांची पहिली वीस-पंचवीस पाने हाताळलेली दिसतात, पुढची कोरी करकरीत असतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच वाचक आहेत. अवघड पान आले तर विचारायला घरात कोणी नसते, आणि बाहेर विचारावे तर “एवढंही माहीत नाही?” असे कोणी म्हणेल याची भीती असते. म्हणून पुस्तक बंद होते आणि तसेच राहते.

यावर एक साधा उपाय आहे. भेटल्यावर “जय भीम” म्हटले की पुढचे वाक्य असावे, “सध्या काय वाचताय?” उत्तर मात्र खरे द्यायचे, आणि ते ऐकणाऱ्याने परीक्षकासारखे न ऐकता मित्रासारखे ऐकायचे.

एका प्रश्नाने काय घडले

शाळेत असताना भीमराव मुंबईतील चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथे रोज येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकांचे या मुलाकडे लक्ष गेले. त्यांनी आपणहून चौकशी केली आणि ओळख वाढत गेली. पुढे भीमरावांच्या सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बाबासाहेबांच्या हाती आलेले बुद्धांवरचे हे पहिले महत्त्वाचे पुस्तक होय. पुढे शिक्षणात पैशाची अडचण आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांनीच पुढाकार घेतला.

अनेक वर्षांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रास्ताविकात बाबासाहेबांनी या भेटीची कृतज्ञतेने नोंद केली. आपण बुद्धांकडे वळलो ते केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकामुळे, असे त्यांनी सांगितले आहे. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट ते सांगतात, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. बुद्धांकडे जाताना त्यांचे मन कोरे नव्हते. वडिलांनी रामायण-महाभारत वाचून घेतले होते. त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलना करत, फरक पाहत ते वाचू शकले. बुद्धांचे चरित्र वाचल्यावर त्यांनी वडिलांना थेट प्रश्नही केला की, ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे?

म्हणजे बागेत एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या वाचनाची विचारपूस केली, त्याला एक पुस्तक दिले, त्या मुलाने ते प्रश्न विचारत वाचले. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे घडले, त्यामागे अनेक कारणे होती. त्यातला एक धागा त्या बागेपर्यंत जातो.

धम्मात वाचन एकट्याचे नाही

‘संगीती’ या शब्दाचा अर्थच सर्वांनी मिळून म्हणणे असा आहे. बुद्धवचन लिहून ठेवण्याआधी ते शतकानुशतके भिक्खूसंघाने एकत्र पठण करून जपले. एकाचे चुकले तर दुसरा दुरुस्त करी.

आपण विहारात महामंगलसुत्त म्हणतो. त्यात बुद्धांनी उत्तम मंगल कोणते ते सांगितले आहे. त्या यादीत ‘बाहुसच्च’ म्हणजे पुष्कळ ऐकलेले-शिकलेले असणे येते. योग्य वेळी धम्म ऐकणे येते. आणि पुढे ‘धम्मसाकच्छा’, म्हणजे योग्य वेळी धम्मावर चर्चा करणे, हेही वेगळे मंगल म्हणून येते. नुसते ऐकून काम भागत असते तर चर्चेचा वेगळा उल्लेख करायची गरज पडली नसती. आपण हे सुत्त रोज म्हणतो. पण वंदना संपली की चटई गुंडाळून घरी जातो. साकच्छा राहूनच जाते.

केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावर काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. ही कसोटी आपल्या ग्रंथांनाही लागू आहे. ग्रंथाला हार घालणे सोपे आहे, तो पारखायचा तर वाचावाच लागतो.

न वाचण्याची किंमत

आज बाबासाहेबांच्या नावाने मोबाईलवर रोज काही ना काही येते. निळी पार्श्वभूमी, फोटो आणि खाली एक वाक्य. त्यातली काही वाक्ये त्यांची असतात, काही कुणीतरी रचलेली असतात. आपण तपासत नाही आणि पुढे पाठवतो. मग वादात समोरचा विचारतो, “हे कुठे लिहिलंय?” आणि आपला कार्यकर्ता गप्प होतो. एका खोट्या वाक्यामुळे त्याची दहा खरी वाक्येही संशयात येतात.

यासाठी एक नियम करावा. खंड आणि पान सांगता येत नसेल तर वाक्य पुढे पाठवायचे नाही. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ ही ग्रंथमाला प्रकाशित केली. वसंत मून यांनी तिच्या संपादनासाठी आयुष्याची अनेक वर्षे दिली. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ पहिल्या खंडात आहे, ‘बुद्ध ऑर कार्ल मार्क्स’ तिसऱ्या खंडात, ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ अकराव्या खंडात. मराठी भाषणे व लेखन अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहे. इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची हकिकत तर वाचनाचे महत्त्व सांगणारीच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 मध्ये बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातील मजकूर मंडळाला पेलवला नाही आणि परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, 1500 प्रती. सभेत ते कोणी ऐकलेच नाही, लोकांपर्यंत ते पोचले छापील पानांतून. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका आणि तिला आपले उत्तर, दोन्ही छापले. विरोधकाचे म्हणणे वाचकापासून लपवायचे नाही, हा धडा आपल्या अभ्यासवर्गांनीही घ्यावा.

बैठक कशी घ्यावी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अनेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. ही तयार व्यवस्था आपल्या हातात आहे. तिच्यात थोडे बदल केले तरी पुरे.

पहिले, रोज किती पाने झाली यापेक्षा किती प्रश्न निघाले ते मोजावे. या ग्रंथात मजकूर लहान लहान, क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत आहे. एका बैठकीला एकच प्रकरण घ्यावे, एकाने मोठ्याने वाचावे. ज्या आजींना अक्षर येत नाही त्यांनाही असे वाचन ऐकता येते, आणि अनुभवाचे बोल त्यांच्याकडेच जास्त असतात.

दुसरे, सुरुवात प्रस्तावनेपासून करावी. तिथे बाबासाहेबांनी स्वतःच चार प्रश्न मांडले आहेत. बुद्धांनी परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये मूळ शिकवणीचा भाग आहेत का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्माचे काय? भिक्खूसंघ कशासाठी? यांच्या उत्तरासाठी वाचकांनीही हातभार लावावा, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा समोर येतो. पाण्याचा तंटा ज्या गावात आजही आहे, तिथे या प्रकरणावर चर्चा घडवायला वक्ता बोलवावा लागत नाही.

तिसरे, शेवटची पंधरा मिनिटे “सध्या काय वाचताय?” यासाठी राखावीत. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : पुस्तकाचे नाव, पटलेली किंवा न पटलेली एक गोष्ट, आणि आपण कुठे अडलो. ही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. “सगळे वाचून झाले” म्हणणाऱ्याला पुढे काही विचारता येत नाही. “चाळिसाव्या पानावर अडलोय” म्हणणाऱ्याला मदत करता येते.

चौथे, उत्तर कोणतेही असो, त्याला कमी लेखू नये. कोणी स्पर्धा परीक्षेचे गाईड वाचत असेल. त्यालाच राज्यघटनेच्या प्रकरणावर दहा मिनिटे बोलायला सांगावे. कोणी दया पवारांचे ‘बलुतं’, बेबी कांबळेंचे ‘जिणं आमुचं’ किंवा अण्णा भाऊ साठेंची ‘फकिरा’ वाचत असेल. ‘फकिरा’ ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, एवढ्या एका गोष्टीवरूनही चर्चा सुरू होते. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिले. ते बैठकीत आले की आपल्याच वस्तीतील कोणत्या आजी कोणत्या मोर्चात होत्या, हे विचारायला मुली स्वतःहून उठतात.

आणि हा प्रश्न फक्त मुलांना विचारू नका. स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या ताईलाही विचारा. तिला वाचायला वेळ मिळत नसेल, तर तो का मिळत नाही, हाही चर्चेचाच विषय आहे.

पुढच्या वेळी स्टॉलवरून एक पुस्तक कमी घेतले तरी चालेल. घरातले एक उघडा, अडलेल्या पानावर खूण ठेवा आणि रविवारी ते विहारात घेऊन या. वस्तीत एखादे मूल कोपऱ्यात बसून वाचताना दिसले, तर क्षणभर थांबून त्याची विचारपूस करा. चर्नी रोडच्या बागेत केळुसकर गुरुजींनी तेवढेच केले होते.

जय भीम. नमो बुद्धाय.